राहिलेलं देणं
(लिटिल इंडियातील मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



मदतनिधीच्या कार्यक्रमात ग्रीक तत्त्वज्ञान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. विषय जरा जड आहे खरा: मेल्यावर माणसाचं काय उरतं? जेवणाची वेळ होत आली आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो.

इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या तुरुंगात, विषाचा प्याला घेण्याआधी, ७० वर्षांचा सॉक्रेटिस मित्रांशी याच प्रश्नावर बोलत बसला होता. प्लेटोच्या ‘फायडो’ या संवादात तो प्रसंग आहे. आत्मा अमर आहे, शरीर हा त्याचा तुरुंग, आणि तत्त्वचिंतन म्हणजे मरणाचीच तालीम, असं सॉक्रेटिस मांडतो. मित्र मात्र नुसते मान डोलावत नाहीत. सिमियस विचारतो, वीणा मोडल्यावर सूर कुठे राहतो? केबीस म्हणतो, विणकर आयुष्यात पुष्कळ वस्त्रं झिजवतो, पण शेवटचं वस्त्र त्याच्या मागे उरतंच ना? गीतेतली जीर्ण वस्त्रांची उपमा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला हा प्रश्न चांगलाच बोचतो!

सॉक्रेटिसच्या उत्तरांनी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. पण विष अंगात भिनत असताना तो क्रिटोला शेवटचं सांगतो ते असं की, वैद्यांचा देव अस्क्लेपियस याला एक कोंबडा द्यायचा राहिलाय, तेवढं विसरू नका. दिवसभर अमरत्वावर बोललेला माणूस, आणि शेवटचे शब्द एका राहिलेल्या देण्याचे! विद्वानांनी याचे नाना अर्थ लावले आहेत. मला ते सरळच घ्यावंसं वाटतं.

इथून जवळच, रेसकोर्स रोडवर, शाक्यमुनी बुद्धगया मंदिर आहे. मूर्तीभोवती दिवेच दिवे. मिलिंद या ग्रीक राजाला नागसेन भिक्षूनं दिव्याचाच दाखला दिला होता. रात्रभर जळणारी ज्योत पहाटे तीच नसते, आणि वेगळीही नसते. बौद्ध नित्य आत्मा मानत नाहीत. प्लेटोच्या अगदी उलट.

तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा ग्रीक वळणाच्या लोकांनी, बौद्ध संघाला सढळ हातानं दिलं. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त यवनानं आई-वडिलांसाठी म्हणून कोरवून घेतलं, सोबत पाण्याची टाकीही. जुन्नरला इरिल यवनानं दोन टाकी दिली, तर चित यवनानं भोजनमंडप. (सेरंगून रोडवर केळीच्या पानावर जेवलेल्या माणसाला चिताची निवड लगेच पटते.) जुन्नरच्या लेखांत दानासाठी शब्द आहे ‘देयधम’. देण्याचा धर्म.

इरिलानं मरणाबद्दलचं आपलं मत काही कोरून ठेवलं नाही. टाकी दिली, नाव लिहिलं.

पावतीपुस्तक दाराजवळच्या टेबलावर आहे.