गाणं कुणाचं, संगणक कुणाचा





केदारेश्वराच्या या धर्मापुरीत आजच्या परिषदेला कलावंत आणि सेवा केंद्रं चालवणारे संगणकवाले एका मांडवात कशाला, असं काहींनी विचारलं. इथून जवळ अंबाजोगाईला दासोपंतांची समाधी आहे. त्यांची पदं कुणीही गावीत, त्यांवर आता कुणाची मालकी नाही. पण आपल्या गावच्या लेकीने तेच पद स्टुडिओत गायलं, की त्या ध्वनिमुद्रणावर 60 वर्षांचा नवा हक्क तयार होतो. कायद्याने तो निर्मात्याचा. गाणारीचा हक्क वेगळा, 50 वर्षांचा. तो आहे हेच पुष्कळ गायकांना कुणी सांगितलेलं नसतं. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराने कंपनीला हक्क लिहून दिला, तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा काढून घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही 2019 मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं अॅप या खटल्यात ठरवलं, की रेडिओला मिळणारा वैधानिक परवाना इंटरनेटवरच्या अॅपला मिळणार नाही. त्याने मालकाशी करारच केला पाहिजे.

हक्क राखायचा, पण कसा? 2005 मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीत नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर घातलं. सीडी विंडोज संगणकात टाकली की ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुळाशी जाऊन बसे आणि ठरावीक चिन्हांनी नाव सुरू होणारी प्रत्येक फाइल मालकाच्याच नजरेआड करी. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघड केलं. काही दिवसांतच व्हायरसवाले त्याच आडोशाला लपू लागले आणि कंपनीला लाखो सीडी परत घ्याव्या लागल्या. पैसे मोजून सीडी घेणाऱ्याचाच संगणक त्यात उघडा पडला, याचा मला आजही संताप येतो.

आपल्याकडचा धोका वेगळ्या वाटेने येतो. फुकटच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह हातोहात फिरतो. गाणी मिक्स करायचं सॉफ्टवेअर क्रॅक करून घेतात, त्यासाठी अँटिव्हायरस बंद करतात आणि अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड अनोळखी प्रोग्रामच्या हाती देतात. सेवा केंद्रातल्या त्याच संगणकावर शेतकऱ्याचा सातबारा निघतो, आधारचं काम होतं. विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले. जुन्या यंत्रांवर लिनक्स चालू शकतं, हे दुपारी प्रत्यक्ष पाहायला मिळेल. गाणं विकत घ्या, सॉफ्टवेअर खरं वापरा, असं मी हात जोडून सांगतो. पण गरीब पोरांना परवडेल अशा दराची मागणीही याच मांडवातून व्हायला हवी.

पाहुण्यांना माझी एकच विनंती आहे. परिषद संपण्याआधी ध्वनिमुद्रणाच्या कराराचा एक मराठी नमुना तयार करा. गायकाचा, गीतकाराचा, वाजवणाऱ्याचा वाटा त्यात स्पष्ट लिहा. आमच्या कलावंतांना तो सहीआधी वाचता आला पाहिजे.