बैठकीत मिटवायची ही गोष्ट नाही



आज बचतीचं बोलत नाही. आमच्याच गटातली गोष्ट सांगतो. हप्ते भरून झाले, बायका उठल्या, पण आमची एक मैत्रीण तिथंच बसून राहिली. तिची लेक चौथीत. दुकानात जा म्हटलं की रडायची. जवळ घेऊन विचारलं तेव्हा बोलली, दुकानदार आत बोलावतो, नको तिथं हात लावतो.

आम्ही काय म्हणालो? "गप बस बाई, पोरीचं नाव खराब होईल." चार जाणत्यांनी माफी मागायला लावून मिटवायचं ठरवलं आणि आम्ही माना डोलावल्या. आठ दिवस गेले. दुकान रोज उघडं, पोर मात्र शाळेतसुद्धा जाईना. त्या आठ दिवसांची आम्हाला अजून लाज वाटते. मग आम्ही पाचजणी तिच्या आईसोबत पोलीस ठाण्यात गेलो.

तिथं समजलं ते असं. २०१२ साली पोक्सो कायदा झाला. अठरा वर्षांखालची मुलगी असो की मुलगा, दोघांनाही तो लागू आहे. "पोरीची तयारी होती" ही सबब चालत नाही. कपड्यावरून हात लावला तरी वाईट हेतूनं केलेला तो गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि ऐका, ज्याला कळलं त्यानं कळवायलाच पाहिजे. माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे माना डोलावताना आम्हीही चुकत होतो. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

आमची भीती होती, पोरीला ठाण्यात बसवून ठेवतील. तसं झालं नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनंच करायची, आई किंवा विश्वासातलं माणूस जवळ हवं. कोर्टात आरोपी समोर दिसू देत नाहीत. मुलाचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. ते आपल्या तोंडूनही जाऊ नये.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस, फुकट चालतो. पोलिसांसाठी ११२. दोन्ही आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खटला चालू आहे. पोर शाळेत जाते. परवा आम्हाला म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून आईला धीर आला."

तुमच्या लेकरानं काही सांगितलं तर आधी एवढंच म्हणा, "तुझी काही चूक नाही." मग उठा आणि सोबतीला दोघी-तिघी घ्या.