शाळेचा पैसा शाळेत पोचला पाहिजे
(संघटनेच्या अकोले तालुका शिबिरातील भाषण)



सकाळपासून आपण प्लॉट, दंड आणि सातबाऱ्यावर बोललो. आता शाळेवर बोलू. जमिनीच्या शिबिरात शाळा कशाला, असं कुणी म्हणेल. पण ज्याला कागद वाचता येत नाही, त्याचा अंगठा कशावरही घेता येतो. आपल्या कितीतरी जमिनी अशाच गेल्या.

1991 च्या शिरगणतीत, सात वर्षांवरच्या दर 100 माणसांमागे राज्यात 65 जणांना लिहितावाचता येत होतं. आदिवासींमध्ये 37 जणांना. आदिवासी बायांमध्ये फक्त 24 जणींना.

आता एक चांगली गोष्ट सांगतो. पूर्वी प्रत्येक सरकारी खातं आपल्या योजनेतला थोडा पैसा आदिवासींच्या नावावर दाखवायचं. तो कुठं जायचा, पत्ता लागत नसे. सुकथनकर समितीनं सांगितलं की आदिवासींचा वाटा लोकसंख्येप्रमाणे आधी बाजूला काढा आणि तो आदिवासी विकास खात्याच्या हाती द्या. आपल्या अकोल्याचे तेव्हाचे आमदार आणि तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी ते उचलून धरलं. 1993-94 पासून राज्याच्या योजनेतला 9 टक्के वाटा आदिवासींसाठी ठरला. जंगलजमिनीवरून आमचं सरकारशी भांडण आहे, ते चालूच राहील. पण हे काम चांगलं झालं, ते आम्ही मोकळेपणानं म्हणतो.

तरी वाटा ठरला म्हंजे शाळा झाली, असं नाही. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. पाणी आपल्या डोंगरातलं, पण ऊस पिकला खाली श्रीरामपूर-राहुरीकडं. पाटाची चावी आपल्या हातात नव्हती. शाळेच्या पैशाचं तसं होऊ द्यायचं नाही.

म्हणून कुणाला काय विचारायचं, ते नीट समजून घेऊ.

वाडीवरची शाळा जिल्हा परिषदेची. पूर्वीच्या खडू-फळा योजनेत प्रत्येक प्राथमिक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा-नकाशे मिळायला हवे होते. दोन शिक्षकांपैकी शक्यतो एक बाई असावी, असं त्यात होतं. एकच गुरुजी चार वर्ग सांभाळत असतील, किंवा ते आठवड्यातून दोनदाच येत असतील, तर पंचायत समितीत जाऊन लेखी विचारा.

आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याची, किंवा खात्याच्या अनुदानावर संस्थेनं चालवलेली. तिथं जेवण, अंथरूण-पांघरूण, औषध आणि मुलींच्या राहण्याची सोय बघा. जाब प्रकल्प अधिकाऱ्याला विचारायचा. पावसाळा सरला की आपण नारायणगावकडं मजुरीला जातो, तेव्हा लेकरांचा आधार हीच शाळा असते. ती नुसती कोंडवाडा होता कामा नये.

तिसरी अडचण जंगलखात्याची. 1980 च्या कायद्यानं जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागते. त्यामुळं पूर्वी वाडीवर शाळेची खोली बांधायची म्हटली तरी काम अडायचं. शाळेपुरत्या जागेसाठी ही परवानगी सरकारनंच आणायला हवी होती. लेकरांनी कागदाची वाट किती वर्षं बघायची?

1993 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 14 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा मुलांचा हक्क आहे. तेव्हा हे काही कुणाचे उपकार नाहीत.

मंत्र्यांकडं आमचं मागणं एवढंच: आदिवासींच्या वाट्यातला किती पैसा कुठल्या शाळेला आला, त्याचा तक्ता मराठीत, शाळेच्या भिंतीवर लावा. आणि आपलं काम काय? दर महिन्याला प्रत्येक पाड्यावरनं दोन माणसं, त्यातली एक बाई, शाळेत जातील. हजेरी, शिक्षक, धान्य बघतील आणि वहीत लिहितील. लिहिता येत नसेल तर शाळेतल्याच पोराकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. तोंडी तक्रार साहेब विसरतात, वही विसरता येत नाही.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
शाळासुद्धा आमच्या हक्काची!
जिंदाबाद!