वाण आणि गव्हाण: उरुळी कांचन येथील पशुसंवर्धन परिषदेचे स्वागताध्यक्षीय भाषण

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर उरुळी कांचन वसले आहे. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच्या या गावात परिषदेच्या प्रतिनिधींचे मनःपूर्वक स्वागत आहे.

मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींचा मुक्काम येथे पडला. खेड्यातल्या गोरगरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र सुरू झाले. गांधीजी पुढे गेले. मागे राहिला सुरत जिल्ह्यातून आलेला पंचविशीतला तरुण, मणिभाई देसाई. नव्या पिढीला हे नाव सांगावे लागते, याची गावाला खंत आहे. गांधीजींना दिलेल्या शब्दाखातर मणिभाईंनी हयात उरुळीतच वेचली. निसर्गोपचार आश्रमाच्या गोशाळेत त्यांनी गीर गाई जोपासल्या, १९६७ मध्ये ‘बायफ’ ही पशुविकासाची संस्था उभी केली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परिषदेला याहून योग्य गाव कोणते?

आता परिषदेच्या विषयाकडे. गाईंच्या पैदाशीचे मुख्य मार्ग दोन. गीर, देवणी, खिल्लार, डांगी या जातींत उत्तम वळू व गाई निवडून शुद्ध वाण सुधारणे हा पहिला. गावठी गाईवर होल्स्टीन किंवा जर्सीचा संकर हा दुसरा. दोन्हींत जवळच्या रक्ताचा वळू टाळावा लागतो. त्यासाठी वंशावळीची वही हवी. कृत्रिम रेतनामुळे निवडक वळू दारोदारी पोहोचला. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रातून काढलेली गोठवलेल्या रेताची नळी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली की रेत वापरायला तयार होते. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी.

वाण मात्र निम्मेच काम करतो. उरलेले गव्हाण करते. चारशे किलोच्या दुभत्या गाईला रोज दहा ते बारा किलो शुष्क पदार्थ लागतात. त्यातला दोन तृतीयांश वाटा हिरव्या-वाळल्या वैरणीचा, उरलेला पेंड व भरड्याचा. क्षारमिश्रण आणि चोवीस तास स्वच्छ पाणी वेगळेच. वासराला जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजावा; दिवसभरात त्याच्या वजनाच्या एक दशांश.

आता व्यवस्थेविषयी. निवास शाळेच्या वर्गांत आहे, गाद्या पातळ आहेत, आंघोळीच्या गरम पाण्याला रांग लागेल. मंडप दुपारी तापतो. जेवणात पिठले-भाकरीच आहे, ताक मात्र हवे तितके. या उणिवांबद्दल स्वागत समिती दिलगीर आहे. ज्वारी, दूध आणि कडबा देणारे शेतकरी, मंडपाचे भाडे न घेणारे व्यावसायिक, पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या भगिनी आणि नाव न छापण्याच्या अटीवर रक्कम देणारे दाते या सर्वांचे समितीवर ऋण आहे.

दुपारी गोठ्यांची पाहणी आहे. आत शिरण्यापूर्वी प्रत्येकाने पायातले जोडे दारातल्या औषधी पाण्यात बुडवावेत, एवढीच विनंती.