गवतानं जपलेली शेतं



आज जाऊ या इंग्लंडच्या मध्य भागात.
लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर, वॉरिकशायर.
तिथल्या कुरणांत मेंढ्या चरतात.
पण काही कुरणं सपाट नाहीत.
लांबच लांब वरंबे, आणि मधे उथळ सऱ्या.
ही बहुतेक मध्ययुगातल्या शेतीची खूण.

हे वरंबे झाले कसे?
तेव्हाचा जड नांगर माती एकाच बाजूला पलटायचा. उजवीकडे.
शेतकरी शेतातल्या प्रत्येक लांब पट्ट्याच्या मध्यापासून फेऱ्या घेत नांगरायचा.
माती दरवेळी मध्याकडे सरकायची.
पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं, आणि वरंबा उंच झाला.
सऱ्यांमुळे चिकण जमिनीतलं पाणी निघून जायचं.

अनेक वरंबे सरळही नाहीत.
उलट्या काढलेल्या इंग्रजी एससारखे ते वळतात.
कारण नांगराला बैलांच्या अनेक जोड्या असत.
एवढी लांब रांग फिरवायची,
तर शेताचं टोक येण्याआधीच वळण घ्यावं लागे.

मग हे सगळं टिकलं कसं?
पुढे लोकरीला भाव आला.
बऱ्याच जमिनी मेंढ्यांच्या चराईला गेल्या.
नांगर थांबला. गवत वाढलं.
जिथं गवत राहिलं, तिथं वरंबे राहिले.
दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी पुष्कळ कुरणं पुन्हा नांगरली गेली.
तिथले वरंबे पुसले गेले.

नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात मात्र
पट्ट्यांची ती जुनी शेतीपद्धत आजही चालू आहे.

श्रोतेहो, लक्षात ठेवा.
ही शेतं गवतानं जपली.
कधी त्या भागात गेलात, तर उन्हं तिरपी असताना कुरणं जरूर पाहा.
तेव्हा वरंबे सर्वांत स्पष्ट दिसतात.