अडत्या गेला, जोखीम घरी आली
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मधला माणूस काढा, माल थेट गिऱ्हाइकाला विका, म्हणजे भाव मिळेल, असा सल्ला आपल्याला सरकार देते, विद्यापीठे देतात. बाजार खुला असलाच पाहिजे, ही तर आपलीच मागणी आहे आणि ती आपण सोडलेली नाही. पण थेट विकणाऱ्याच्या अंगावर काय काय येते, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. आज तो कापसावर न मांडता फ्रान्समधल्या फुटबॉलवर मांडू. तिथे तो ताजा आहे आणि आकडे उघड आहेत.

फ्रान्समधल्या फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाला लीग १ म्हणतात. त्यात आज १८ क्लब आहेत. क्लब म्हणजे पिकवणारे. त्यांचा माल म्हणजे सामना आणि गिऱ्हाईक म्हणजे घरी बसून तो पाहणारा प्रेक्षक. मध्ये टीव्ही कंपनी. ती सामने दाखवण्याचा हक्क घाऊक विकत घेते आणि प्रेक्षकाकडून महिन्याची वर्गणी वसूल करते. १९८४ पासून हा माल मुख्यतः कनाल प्लस नावाची कंपनी उचलत होती.

२०१८ साली लिलाव झाला. मीडियाप्रो या स्पेनच्या कंपनीने २०२० पासून चार वर्षांसाठी, वर्षाला सुमारे ८० कोटी युरोची बोली लावली. जुना घेणारा बाजूला पडला. क्लबांनी त्या आकड्याच्या भरवशावर खर्च वाढवले. बँकेची हमी मात्र कोणी मागितली नाही. २०२० च्या ऑक्टोबरात १७ कोटींचा हप्ता थकला, डिसेंबरात सौदा मोडला. मीडियाप्रो १० कोटी भरून मोकळी झाली. चुकाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे कापूसवाल्यांना वेगळे सांगायला नको. बोलीचा आकडा हा भाव नसतो. हातात पडलेला चुकारा हाच भाव.

पुढे २०२१ मध्ये ॲमेझॉनने प्रत्येक फेरीतले ८ सामने वर्षाला २५ कोटींत उचलले. उरलेल्या २ सामन्यांसाठी कनाल प्लसला जुन्या कराराने ३३ कोटी द्यावे लागत होते. जुना व्यापारी दुखावला. २०२४ मध्ये डॅझोन नावाची कंपनी आली. वर्षाला ४० कोटींचा, पाच वर्षांचा करार झाला. तिने प्रेक्षकाला महिना ३० ते ४० युरो वर्गणी लावली. प्रेक्षक फिरकला नाही, कित्येकांनी चोरून पाहणे पत्करले. २०२५ च्या फेब्रुवारीत तिनेही हप्त्याचा पैसा अडवला आणि हंगाम संपताच ती निघून गेली.

तेव्हा क्लबांच्या संघाने स्वतःचे दुकान मांडले. ऑगस्ट २०२५ मध्ये लीग १ प्लस सुरू झाले. फेरीतल्या ९ सामन्यांपैकी ८ थेट प्रेक्षकाच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर. वर्षभराची बांधिलकी घेतली तर महिना १५ युरो. काही आठवड्यांतच वर्गणीदार १० लाखांवर गेले. भाव निम्म्यावर आणला तेव्हा गिऱ्हाईक आले, हे आपण नीट पाहावे. गिऱ्हाइकांची यादीही आता क्लबांच्या हाती आली. आजवर ती व्यापाऱ्याच्या वहीत असे.

आता वहीची दुसरी बाजू पाहू. घाऊक घेणारा वर्षाची रक्कम कबूल करीत असे. ती कबुली गेली. वर्गणीदार घटले तर तोटा क्लबांचा. सामना दाखवण्याचा, जाहिरातीचा, वसुलीचा खर्च त्यांच्याच माथी. मधला माणूस तरी पुरता गेला का? टेलिफोन कंपन्या आणि ॲमेझॉन ही वर्गणी आपल्या दुकानातून विकतात. ज्याने करार सोडला तो डॅझोनही विकतो. आणि पहिल्या हंगामात क्लबांच्या वाट्याला आलेली रक्कम पूर्वीच्या मानाने फारच कमी होती. पॅरिसच्या बड्या क्लबाला युरोपातल्या स्पर्धांचे पैसे मिळतात, तो तगून राहतो. लहान क्लब चांगले खेळाडू विकून दिवस काढतात. बैलजोडी विकून पेरणी करावी, तसे ते आहे.

खरी गाठ तर पुढेच आहे. २०२२ मध्ये पैशाची ओढाताण असताना संघाने सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीकडून १५० कोटी युरो घेतले. बदल्यात धंद्याचा १३ टक्के हिस्सा दिला. दहा वर्षांचा नव्हे, मुदत नसलेला. त्या पैशातून पॅरिसला २० कोटी मिळाले. ल आव्र हा क्लब तेव्हा खालच्या गटात होता, त्याला १५ लाख मिळाले. २०२३ मध्ये तो वरच्या गटात आला. उचल घेतली मोठ्यांनी, पण येणाऱ्या प्रत्येक हंगामातला कंपनीचा हिस्सा ल आव्रच्याही मिळकतीतून जाणार. तो क्लब कोर्टात गेला. फ्रान्सच्या सिनेटने २०२४ मध्ये या व्यवहारावर कडक टीका केली.

म्हणजे थेट विक्री सुरू होण्याआधीच उद्याच्या मिळकतीवर दुसऱ्याचा हक्क बसलेला होता.

यातून आपण काय घ्यायचे? सामना हा टोमॅटोपेक्षाही नाशवंत माल. आज रात्री विकला नाही तर उद्या त्याला कोणी विचारत नाही. आपला कापूस तसा नाही. घरात भरून ठेवला तर पोरांच्या अंगाला खाज सुटते, पण तो थांबतो. ज्वारीही कोरडी ठेवली तर थांबते. थांबण्याची ताकद मालात आहे, मालकात नाही. कारण पेरणीलाच बियाण्या-खताची उधारी होते आणि सीतादहीच्या दिवशीच दारात वसुली उभी राहते. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला थेट विक्रीचा परवाना दिला काय अन् न दिला काय! त्याला पहिल्याच बोलीला माल सोडावा लागतो.

म्हणून थेट विक्रीची मागणी करताना तिच्यासोबत बाकीच्या गोष्टीही मागायच्या. गावाजवळ गोदाम, ठेवलेल्या मालावर वेळेत आणि रास्त व्याजाने तारण कर्ज, आणि बोली लावणाऱ्याकडून आधी रकमेची हमी. एकत्र येऊन कंपनी काढली, तर तिच्या कागदावर सही करताना सर्वांत लहान खातेदाराच्या वाट्याला काय येते ते आधी वाचायचे. आणि अडचणीच्या वर्षी कितीही मोठा आकडा दाखवला, तरी न संपणारा हिस्सा लिहून द्यायचा नाही.

अडत्याला दूर करणे हे अर्धे काम. त्याच्या डोक्यावरची जोखीम आपल्याकडे येणार आहे, ती पेलण्याइतकी ताकद गावात उभी करणे हे उरलेले अर्धे. ते काम या जिल्ह्यात या हंगामाआधी सुरू करू.