मुक्या जिवाचा विमा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी म्हटले, "कुत्र्याच्या पिल्लाचा विमा उतरवावा की न उतरवावा?" तेव्हा त्या हसल्या. आपल्यापैकीही काही जणी आता हसत आहेत. हसा, पण पुरते ऐकून घ्या. हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने चालला आहे, आणि त्यावरून सासूसुनांत थोडी कुरबूरही झाली आहे.

माझ्या नातीने पावसात भिजलेले एक गावठी पिल्लू घरी आणले. त्याचे नाव मोती. सूनबाईच्या माहेरी, पुण्याला, त्यांच्या कुत्र्याचा विमा आहे. ती म्हणाली, "आई, मोतीचाही उतरवू या." मी म्हटले, "गोठ्यातल्या गाईचा आहे तेवढा पुरे." येथून वाद सुरू झाला.

कुत्र्याचा विमा ही काही आजची टूम नाही. अमेरिकेत 1982 साली असा पहिला विमा निघाला तो लॅसी या चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरून गाजलेल्या कुत्र्याचा. स्वीडनमध्ये तर बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असतो, आणि तेथे त्याची सुरुवात घोड्यागुरांच्या विम्यापासून झाली. म्हणजे गोठ्यातून निघून अंगणात आलेली ही कल्पना आहे. म्हणून मीही आधी गोठ्यातलेच बोलते.

विमा म्हणजे भिशी नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भिशीत आपण घातलेले पैसे आज ना उद्या आपल्या हाती येतात. विम्यात ज्याच्यावर संकट येत नाही त्याला काहीच परत मिळत नाही, आणि त्याने त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. "पाच वर्षे हप्ता भरला, फुकट गेला," असे म्हणणारी बाई विम्याला भिशी समजते.

आता गाय घ्या. आपल्या देवळाली प्रवरेत, सबंध राहुरी तालुक्यातच, दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारावर किती घरांचा किराणा आणि मुलांच्या फिया चालतात, हे मी सांगावयास नको. विद्यापीठाने आपल्या राहुरीतच फुले त्रिवेणी ही संकरित गाय तयार केली. अशा गाईंनी दूध वाढवले, तशी गाईची किंमतही वाढली. 80,000 रुपयांची गाय एका रात्रीत गेली तर तिच्यासाठी काढलेले कर्ज मात्र गोठ्यातच उभे राहते. 2022 साली लम्पी आला तेव्हा आपल्या जिल्ह्याने हे पाहिले. त्या वेळी सरकारने दुभत्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये मदत दिली. ती मोलाची होती, पण ती मदत होती. प्रत्येक रोगाला ती मिळेल असे नाही, आणि तेवढ्यात तशी गाय परत येत नाही.

म्हणून गाईचा विमा असावा, असे माझे ठाम मत आहे. केंद्र सरकारने 2024 साली ठरवले की राष्ट्रीय पशुधन अभियानाखालच्या विम्यात पशुपालकाने हप्त्याचा शेकडा 15 इतकाच वाटा द्यावा, बाकीचा केंद्र आणि राज्य यांनी मिळून भरावा. समजा, दर शेकडा 4 आहे. 80,000 च्या गाईचा हप्ता 3,200 झाला, आणि त्यातले आपले 480. योजना आपल्याकडे त्या वेळी चालू आहे की नाही, हे दवाखान्यात पशुवैद्यकांना विचारावे. मात्र गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला हवाच. बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवून नवा मारून घ्यावा. गाय दगावली तर आधी कंपनीला आणि डॉक्टरांना कळवावे, शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नये. बिल्ला नाही आणि दाखला नाही, तर पैसेही नाहीत.

आता मोतीकडे वळते. हे सारे मी सूनबाईला सांगितले, तेव्हा तिने एक प्रश्न विचारला, आणि त्याने मला विचारात पाडले. ती म्हणाली, "आई, गाय मेली तर विमा पैसे देतो. पण मोतीची बाजारात किंमत किती?" खरेच, किंमत शून्य! मोती गेला तर आपण रडू, पण घरचा किराणा थांबणार नाही. गाईच्या बाबतीत नुकसान असते ते तिच्या मरणात; कुत्र्याच्या बाबतीत खर्च असतो तो त्याला जगवण्यात. पाय मोडला, साप चावला, पोटात काही अडकले, तर शस्त्रक्रियेला हजारो रुपये लागतात. म्हणून ज्या विमापत्रात नुसती मृत्यूची भरपाई आहे ते गावठी पिल्लाला निरुपयोगी. पाहावयाचे ते उपचाराच्या खर्चाचे.

सूनबाईने दुसरेही सांगितले, आणि तेही खरे होते. ती म्हणाली, "मोती टेबलावर पडलेला असेल आणि डॉक्टर आकडा सांगतील, तेव्हा मला माझ्या मुलीसमोर पैशाचा हिशेब करावयाचा नाही." या बोलण्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही.

मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. पिल्लाला पहिल्या चार महिन्यांत सर्वांत मोठी भीती असते ती पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची. रक्ताची हगवण आणि उलट्या लागून दोनचार दिवसांत पिल्लू हातचे जाते. पण विमा घेतल्यावर पहिले काही दिवस आजाराची भरपाई मिळत नाही, आणि लस टोचलेली नसेल तर त्या रोगाचे पैसे बहुधा नाकारतात. म्हणजे ज्या दिवसांत भीती जास्त, त्या दिवसांत आधार आहे तो लसीचाच. सहाआठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली टोचणी, मग तीनचार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, आणि ती पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की कुत्र्याला काय, माणसालाही औषध नाही. तेथे विमा काय करणार?

राहिला बिबट्या. उसाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगावयास नको की त्याचा डोळा पहिल्यांदा कुत्र्यावर असतो. त्यावर उपाय एकच, रात्री पिल्लू घरात घ्यावे.

आणखी असे की, मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर आपल्याला मोठ्या शहरात जावे लागणार. त्यात गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हीच मोठी, आणि ती विमापत्रात सहसा नसते. पुण्यात चार पावलांवर कुत्र्यांचे इस्पितळ असते, तेथे खर्चही मोठा आणि विम्याचा उपयोगही मोठा. सूनबाईच्या माहेरी विमा आहे तो योग्यच आहे. त्यांचे कुत्रे मोठ्या जातीचे आहे. अशा जातींत कमरेच्या सांध्याचे दुखणे पुढे निघते, आणि निघाल्यावर विमा घेऊ म्हटले तर तेवढे दुखणे वगळतात. ज्यांना घ्यावयाचा त्यांनी लहानपणीच घ्यावा, हेही मी प्रामाणिकपणे सांगते.

आम्ही ठरवले ते असे. समजा, हप्ता वर्षाला 4,000 रुपये. तो कंपनीला न देता, त्याहून थोडे जास्त, महिना 400 रुपये, पोस्टातल्या बचत खात्यात मोतीच्या नावाने बाजूला टाकावयाचे. वर्षाला 4,800 होतात. खाते सूनबाईच्या नावावर, आणि त्याला हात लावावयाचा तो मोतीसाठीच. पहिल्याच वर्षी मोठे संकट आले तर हे पुरणार नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून मी सूनबाईला शब्द दिला आहे की माझ्या दुधाच्या पगारातून 10,000 पर्यंत मी घालीन, आणि त्या वेळी हिशेब काढणार नाही. विमा नको म्हणणाऱ्याने एवढा शब्द आधी दिला पाहिजे. तो देता येत नसेल तर विमा घेतलेला बरा.

ज्यांना विमा घ्यावयाचा आहे त्यांनी प्रतिनिधीला पाच गोष्टी विचाराव्यात. गावठी कुत्रे चालते का? उपचाराचे पैसे मिळतात की फक्त मृत्यूचे? पहिले किती दिवस भरपाई नाही? बिलातला किती वाटा आपण सोसावयाचा? आणि कुत्रे कोणाला चावले तर त्याची जबाबदारी यात येते का? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, कागदावर दाखवा म्हणावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या आळीतली पाळीव कुत्री आणि दारावर तुकडा खाणारी मोकाट कुत्री यांना रेबीजची लस देण्यासाठी एक दिवस ठरवावा, आणि त्यासाठी नगरपरिषदेला व पशुवैद्यकीय दवाखान्याला मंडळातर्फे पत्र द्यावे. विमा ज्याचा त्याने पाहावा. पण पिसाळलेल्या कुत्र्याला घर ओळखू येत नाही, आणि आपली पोरे याच रस्त्याने शाळेत जातात. त्याच दिवशी आपापल्या गाईंच्या कानातले बिल्लेही तपासून घ्यावेत. ही सूचना आपण आजच मंजूर करावी, अशी माझी विनंती आहे.